खुलासा: समीक्षकांची वाक्यं घोकावी लागतात का?

केंब्रिज ए लेव्हलला (बारावीच्या तोडीची परीक्षा) इंग्रजी साहित्य घेतलेल्या मुलांच्या पुण्यातल्या पालकांत एक मेसेज फिरतोय: समीक्षकांची वाक्यं आणि तयार निबंध पाठ केल्याशिवाय एएसला, म्हणजे ए लेव्हलच्या पहिल्या टप्प्याला, चांगली ग्रेड मिळत नाही. हे साफ चूक आहे. एएसला इतरांच्या मतांच्या मूल्यमापनाला वेगळे गुणच नाहीत. तो निकष पुढच्या टप्प्यातल्या पेपर ३ आणि ४ मध्ये येतो, आणि तिथंही मत नुसतं उद्धृत करून भागत नाही, ते संहितेवर तपासून दाखवावं लागतं. पुस्तक परीक्षेत नेता येत नाही, त्यामुळे पाठांतर हवंच. पण मूळ कवितेतल्या, नाटकातल्या छोट्या ओळींचं. घोकलेला निबंध विचारलेल्या प्रश्नाला भिडतच नाही. अप्पा बळवंत चौकात गाइड शोधण्याआधी मुलांना नाटक पुन्हा एकदा, मोठ्यानं वाचू द्या.