परदेशातून : हरित कॅम्पस आणि विजेचं बिल

नॅक या महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेची भेट जवळ आली की महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत पर्यावरणाचा मोसम सुरू होतो. मूल्यांकनासाठी ऊर्जा, पाणी, कचरा, हरित परिसर यांची माहिती द्यावी लागते. मग हरित लेखापरीक्षण होतं, झाडांना नावाच्या पाट्या लागतात, गच्चीवरच्या सौर पॅनेलांचे फोटो निघतात. त्यावरून दोन तट पडतात. एक म्हणतो, हा सगळा कागदी खेळ, परदेशातली विद्यापीठं बघा. दुसरा म्हणतो, त्यांच्याकडे पैसा आहे, आपण आधी प्राध्यापकांची रिकामी पदं भरू. अमेरिकेतून पाहताना दोघांचंही अर्धंच पटतं. इथली हिशेबाची पद्धत उचलण्यासारखी आहे. यंत्रं फारशी कामाची नाहीत, आणि एक सवय तर मुळीच घेऊ नये.

स्टॅनफर्डचं नाव या चर्चेत हमखास येतं. २०१५ साली त्यांनी नैसर्गिक वायूवर वीज आणि वाफ तयार करणारं जुनं केंद्र बंद केलं. इमारती थंड करताना जी उष्णता बाहेर सोडून दिली जायची, तिच्यावर आता इतर इमारतींचं पाणी गरम होतं. त्यासाठी वाफेच्या नळांच्या जागी गरम पाण्याचे सुमारे पस्तीस किलोमीटर नळ टाकावे लागले. कॉर्नेल विद्यापीठ २००० सालापासून शेजारच्या कयुगा सरोवराच्या खोलातल्या, चारेक अंशांच्या पाण्यावर इमारती गार करतं. गारव्यासाठी लागणारी वीज त्यामुळे सुमारे ८५ टक्क्यांनी घटली. कामं थोर आहेत, वाद नाही. पण जिथे रिकामं सभागृहही रात्रभर ठरावीक तापमानाला ठेवायची सवय आहे (आपण घेऊ नये ती हीच), अशा ठिकाणी ती झाली. आधी एवढी उधळपट्टी होती म्हणून एवढी बचत दिसली.

उघड्या खिडक्या आणि पंखे यांवर चालणारं आपलं महाविद्यालय या बाबतीत जन्मतःच पुढे आहे. ती आघाडी आपण हाताने घालवतो आहोत. नव्या इमारतीला पश्चिमेकडून काच लावायची, आत ऊन कोंडलं की वर्गावर्गात एसी बसवायचे, आणि गच्चीवर पॅनेल टाकून इमारत हरित झाली म्हणायचं. साठ-सत्तर मुलांच्या वर्गाला पाचेक टनांचा एसी लागतो, म्हणजे अंदाजे ५ किलोवॅट. त्याच वर्गातले आठ बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या, ब्रश नसलेल्या मोटारीचे) पंखे मिळून २४० वॅट घेतात. वीसपट फरक. शंभर किलोवॅटचा सौर प्रकल्प भर दुपारीसुद्धा असे पंधराच वर्ग गार करील, चार वाजल्यानंतर तेवढेही नाही. छज्जा, समोरासमोर खिडक्या आणि गच्चीला पांढरा परावर्तक रंग यांचा खर्च एकदाच होतो.

पंखे बदलायचे तर सुरुवात वसतिगृहापासून करावी. बहुतेक ठिकाणी ती प्राचार्यांच्या दालनापासून होते! जुना पंखा ७५ वॅटचा, बीएलडीसी ३० वॅटचा, म्हणजे ४५ वॅट वाचले. वर्गातला पंखा वर्षाला जेमतेम १,७६० तास फिरतो (दिवसाला आठ तास, २२० दिवस). बचत ७९ युनिटांची. वसतिगृहातला पंधरा तास आणि २७० दिवस धरला, तर ४,०५० तास आणि १८२ युनिटं. युनिटला १० रुपये आणि पंख्याला ३,००० रुपये धरले, तर वर्गात पैसे वसूल व्हायला जवळपास चार वर्षं लागतात, वसतिगृहात दोनही लागत नाहीत. खरेदीत दोन गोष्टी पाहाव्यात. रिमोटवरच चालणारे पंखे घेऊ नयेत. पहिल्या सत्रातच निम्मे रिमोट हरवतात, म्हणून भिंतीवरून वेग बदलता येणारं मॉडेल घ्यावं. आणि या पंख्यांचं कॉइल सहसा जळत नाही, व्होल्टेज उसळलं की आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड जातं. त्यामुळे हमी या इलेक्ट्रॉनिक कार्डाचीही लेखी हवी.

सौर प्रकल्पाबद्दल कौतुक पुष्कळ छापून येतं, देखभालीबद्दल फार कमी. एक किलोवॅटला सावली न पडणारी सुमारे दहा चौरस मीटर जागा लागते आणि वर्षाला १,४०० युनिटांच्या आसपास वीज मिळते. हा आकडा कागदावर गाठला जातो, गच्चीवर बरेचदा नाही. पाण्याच्या टाकीची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी पॅनेलांच्या आख्ख्या माळेची वीज घटते. नोव्हेंबरपासून धूळ साचत जाते आणि गच्चीवर नळच काढलेला नसतो. पॅनेल सकाळी लवकर धुवावीत, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर ती तडकू शकते. पॅनेलांची वीज वापरण्याजोगी करणाऱ्या इन्व्हर्टरांपैकी एखादा बंद पडला तर महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही, कारण बाकीचे चालू असल्यामुळे बिल तरीही पूर्वीपेक्षा कमीच येतं. दर इन्व्हर्टरचं युनिट दर सोमवारी वहीत लिहायला पाच मिनिटं लागतात.

याहून सहज नजरेतून सुटणारी बाब पॉवर फॅक्टरची, म्हणजे घेतलेल्या एकूण विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणाऱ्या हिश्श्याची. महाराष्ट्रात एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांचं बिल केव्हीएएच प्रमाणे, म्हणजे हा एकूण आकडा धरून आकारलं जातं. सौर इन्व्हर्टर साधारणपणे फक्त किलोवॅट, म्हणजे कामी येणारा हिस्सा पुरवतात. मोटारी आणि जुन्या चोकना चुंबकीय क्षेत्रासाठी लागणारी रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर ग्रिडमधूनच येत राहते. ग्रिडकडून घेतलेले किलोवॅट घटतात, रिअ‍ॅक्टिव्ह तेवढीच राहते, म्हणून मीटरवरचा पॉवर फॅक्टर पडतो आणि अपेक्षेइतकी बचत होत नाही. कंत्राटदाराला दोष देण्याआधी ही रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर जागेवरच पुरवणारं कपॅसिटर पॅनेल तपासावं, इन्व्हर्टर रिअ‍ॅक्टिव्ह पुरवू शकतो का ते पाहावं.

मेसच्या उष्ट्याकडे येऊ. हजार मुलांच्या मेसमध्ये ताटामागे ७५ ग्रॅम टाकलं जातं असं धरलं, तर दोन वेळचं दीडशे किलो झालं. २०१६ च्या घनकचरा नियमांत दिवसाला शंभर किलोपुढचा उत्पादक मोठा मानला होता. मग निविदा निघते आणि चोवीस तासांत खत देणारं यंत्र येतं. त्यातून बाहेर पडतो तो वाळवलेला भुगा. तो आणखी दहा-पंधरा दिवस क्रेटमध्ये मुरवावा लागतो. कुंडीत तसाच घातला तर बुरशी धरतो, वास सुटतो आणि माळीच यंत्राच्या विरोधात जातो. त्यापेक्षा बायोगॅस बरा. दीडशे किलोतून बारा-पंधरा घनमीटर गॅस निघतो, म्हणजे पाच-सहा किलो एलपीजी. तीन-साडेतीन दिवसांत एक व्यावसायिक सिलिंडर वाचतो. पुण्यातल्या डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती संस्थेने घरगुती संयंत्र आणि भाभा अणुसंशोधन केंद्राने निसर्गऋण हे मोठं संयंत्र आपल्याच मातीत उभं केलं, त्यासाठी कयुगा सरोवर लागत नाही. संयंत्र बंद पडतं ते सुट्टीमुळे. दिवाळीत तीन आठवडे खाद्य मिळत नाही आणि मुलं परतली की पहिल्याच दिवशी दीडशे किलो ओततात. आतलं मिश्रण आंबट होतं, सामू साडेसहाच्या खाली जातो आणि गॅस थांबतो. सुट्टीत शेणकाला थोडा-थोडा चालू ठेवावा, नंतर आठवडाभरात हळूहळू पूर्ण खाद्यावर यावं. लिंबाच्या साली, हाडं आणि भांड्यांचं साबणाचं पाणी त्यात जाऊ देऊ नये.

इथली उचलण्यासारखी हिशेबाची पद्धत म्हणजे फिरता निधी. हार्वर्डने १ कोटी २० लाख डॉलरचा असा निधी उभारला. विभागाने त्यातून उसने पैसे घ्यायचे, वीज किंवा पाणी वाचवणारं काम करायचं आणि बिलात झालेल्या बचतीतून ते परत करायचे. मग तेच पैसे पुढच्या विभागाला मिळतात. जोडीला स्टार्स ही विद्यापीठांच्या पर्यावरणविषयक कामाची मूल्यांकन पद्धत आहे. तिच्यात विद्यापीठाने भरलेले आकडे कोणालाही वाचता येतात. आपले लेखापरीक्षण अहवाल संकेतस्थळावर सापडले तरी त्यात फोटो जास्त आणि मागच्या वर्षाशी तुलना क्वचित असते.

आपल्याकडे पाच लाखांत हे सुरू होऊ शकतं. तेवढ्यात १६६ पंखे येतात. ते वसतिगृहात लावले तर वर्षाला तीन लाखांच्या आसपास वाचतात, म्हणजे दुसरं वर्ष संपण्याआधी निधी पुन्हा भरतो. अडतं ते लेखा विभागात, कारण वीजबिल घटलं की पुढच्या अंदाजपत्रकात ते शीर्षच कापलं जातं आणि ज्याने वाचवलं त्याच्या हाती काही उरत नाही. म्हणून पंखे मागवण्याआधी व्यवस्थापनाकडून एक ठराव करून घ्यावा : मागच्या बारा महिन्यांच्या बिलांची सरासरी आधार धरायची, वीजबिलाची तरतूद पाच वर्षं तेवढीच ठेवायची, दरवाढ वेगळी मोजायची आणि फरक दर तिमाहीला निधीत वळता करायचा. प्रत्येक वसतिगृहाला वेगळा उपमीटर नसेल तर पहिला खर्च त्याचाच.