कलम १८, कलम २० आणि आपला भूमिपुत्र

महाराष्ट्रात परप्रांतीयांचा वाद पेटला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "आखातात बघा, तिथे आधी तिथल्या माणसाचा विचार होतो. बाहेरच्याने काम करायचं आणि परत जायचं." ऐंशी टक्के नोकऱ्या स्थानिकांना मिळाव्यात, असं म्हणणारेही हेच उदाहरण देतात. मागणीमागची कळकळ खरी आहे. शेजारी एमआयडीसी असून गावातला आयटीआय झालेला पोरगा घरी बसतो, तेव्हा राग येणारच. पण उदाहरण चुकतं आहे. ते कुठे चुकतं, हे कुवेतमधून स्पष्ट दिसतं.

कुवेतचं क्षेत्रफळ १७,८१८ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यापेक्षा जरासंच जास्त. नदी एकही नाही, पिण्याचं पाणी समुद्राचं खारं पाणी गोडं करून मिळवायचं. १९३८ मध्ये बुरगानला तेल लागलं आणि १९४६ मध्ये ते पहिल्यांदा परदेशी गेलं. त्याआधी इथली गलबतं मोती आणि खजूर घेऊन मुंबईला येत आणि व्यवहार रुपयात होत. दिनार आला तो थेट १९६१ मध्ये. तेलाचा पैसा आला आणि हात कमी पडले. आज वस्ती ५० लाखांच्या आसपास आहे. त्यात नागरिक साधारण १५ लाख आणि भारतीय १० लाख. गोव्याची माणसं इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, खेड-चिपळूणकडचीही पुष्कळ.

या बाहेरच्या माणसाची इथली ओळख म्हणजे इकामा, म्हणजे निवास परवाना, आणि इकामा ओळखला जातो इथल्या निवास नियमांतल्या कलमाच्या आकड्याने. खासगी कंपनीतल्या कामगारासाठी कलम १८, घरकामगारासाठी कलम २०, कुटुंबासाठी कलम २२. कलम १८ वाल्याला तीन वर्षं व्हायच्या आत दुसरीकडे जायचं तर मालकाची संमती लागते. १ जुलै २०२५ पासून सुट्टीवर गावी जायलाही मालकाने मंजूर केलेला परवाना लागतो. मालकाने 'कामावर येत नाही' अशी तक्रार नोंदवली की इकामा धोक्यात येतो. कलम २० वाल्याची गत याहून अवघड. त्याने दुकानात किंवा गॅरेजात काम करणं हाच गुन्हा. तरीही 'आझाद व्हिसा' म्हणून तोच विकला जातो. कफील, म्हणजे ज्याच्या नावावर इकामा असतो तो मालक, कुणी तरी भलताच, दरवर्षी त्याला पैसे मोजायचे आणि काम स्वतः शोधायचं. तपासणीत सापडला की कामगाराची थेट रवानगी. २०२४ च्या उन्हाळ्यात कलम २० वरून १८ वर जायला दोन महिने मुभा दिली होती, त्यासाठीही जुन्या कफीलची सही हवीच होती.

इतकं सगळं करून बाहेरचे कमी झाले का? १९९० च्या इराकी आक्रमणाआधी इथे सुमारे चार लाख पॅलेस्टिनी होते, शिक्षक, अभियंते, कारकून. १९९१ च्या मुक्तीनंतर जवळजवळ सगळ्यांना जावं लागलं. त्यांच्या जागी कुवेती आले नाहीत, इजिप्शियन आणि आपण आलो. १९९० मध्ये अम्मानहून एअर इंडियाने सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना परत आणलं होतं, आज त्याच्या कितीतरी पट आहेत. २०२० मध्ये भारतीयांचं प्रमाण कुवेती नागरिकांच्या १५ टक्क्यांवर जाऊ नये, असं विधेयक चर्चेत आलं. प्रत्यक्षात बाहेरच्यांत भारतीयांचा समाज आजही सगळ्यांत मोठा आहे.

कारण हिशेबाचं आहे. ज्याला नोकरी सोडता येत नाही, त्याला पगार वाढवून द्यावा लागत नाही. खासगी कामगाराचं किमान वेतन इथे ७५ दिनार आहे. त्या पगारावर कुवेती माणूस काम करणार नाही, आणि त्याने का करावं? म्हणून नोकरदार कुवेतींतले बहुसंख्य सरकारी नोकरीत आहेत. खासगीत जावं म्हणून सरकार पगाराला जोड देतं, कंपन्यांना कोटा लावतं, कोटा चुकला की दंड करतं. काही कंपन्या त्यावर उपाय काढतात: कुवेती नाव पगारपत्रकावर, काम मात्र कलम १८ वाल्याकडे. कोटा कागदावर भरतो. बाहेरच्याचे हक्क जितके कापाल तितका तो मालकाला स्वस्त पडतो, आणि स्थानिक तितकाच महाग ठरतो. कुवेतकडून घ्यायचा धडा हा आहे.

स्वस्त म्हणजे काय, ते कुवेतमधल्याच मंगाफ या वस्तीत १२ जून २०२४ च्या पहाटे दिसलं. सहा मजल्यांच्या इमारतीत दोनशेच्या आसपास कामगार झोपले होते. तळमजल्यावर पहारेकऱ्याच्या खोलीत शॉर्टसर्किट झालं. खोल्यांची विभागणी भराभर पेटणाऱ्या पार्टिशनने केलेली होती, धूर जिन्यातून वर चढला, गच्चीचं दार कुलूपबंद होतं. सुमारे पन्नास माणसं गेली, त्यातले किमान ४५ भारतीय. एका खोलीत किती माणसं कोंबायची हे ठरवणारा आणि त्यांचा इकामा हातात असणारा एकच असला, तर कुलपाबद्दल तक्रार कोण करणार?

म्हणून महाराष्ट्रात टक्केवारीच्या आधी दुसरी मागणी लावून धरायला हवी. चाकणच्या किंवा बुटीबोरीच्या कारखान्यात ठेकेदाराने आणलेल्या बिहारच्या पोराला किमान वेतन, पीएफ आणि ईएसआय पूर्ण मिळतं का, हे आधी तपासा. तो पूर्ण दरात पडू लागला की गावातल्या पोराला डावलण्यात मालकाचा फायदा उरत नाही. तो अर्ध्या दरात मिळत असेल, तर ऐंशी टक्क्यांचा कोटाही कुवेतमधल्या ऑफिसांतल्यासारखाच कागदावर भरेल.

कुवेतकडून आणण्यासारखी एक चांगली गोष्टही आहे. २०१० च्या कामगार कायद्यात नोकरीअखेरच्या रकमेचा हक्क बाहेरच्यालाही आहे. आपल्याकडे अकरा महिन्यांनी ब्रेक देऊन ठेका कामगाराला ग्रॅच्युइटीच्या जवळही येऊ देत नाहीत. इथे मालकाने काढलं तर पाच वर्षं पूर्ण व्हायची वाट पाहावी लागत नाही. पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी १५ दिवसांचा पगार, पुढच्या प्रत्येक वर्षाला एक महिन्याचा, आणि एकूण रक्कम दीड वर्षाच्या पगारापर्यंत. दिवसाचा दर काढताना महिन्याचे २६ दिवस धरतात. शेवटचा पगार १३० दिनार आणि नोकरी आठ वर्षं असेल, तर दिवसाचे ५ दिनार. पाच वर्षांचे ३७५, पुढच्या तीन वर्षांचे ३९०, एकूण ७६५. तोच माणूस स्वतः राजीनामा देईल तर दोन तृतीयांश, म्हणजे ५१०. तीन वर्षांच्या आत राजीनामा दिला तर काही नाही, तीन ते पाच वर्षांत अर्धी, दहा वर्षं झाली की पूर्ण.

म्हणूनच काढायचं असलं तरी मालक कोऱ्या राजीनाम्यावर सही मागतो. वरच्या हिशेबात त्या एका सहीची किंमत २५५ दिनार आहे. दुसरी फसवणूक आकड्याची: हातात १३० आणि इज़न अमलवर, म्हणजे कामाच्या परवान्यावर, ७५. वाद झाला की मालक ७५ चाच कागद पुढे करतो. पगार बँकेतून घ्या, दर महिन्याचं स्टेटमेंट जपून ठेवा, आणि इज़न अमलचं नूतनीकरण झालं की त्यावरचा आकडा त्याच दिवशी बघा.