स्कूटर घरीच उघडा

जिन्याखाली वडिलांची चेतक उभी आहे ना? चेतक 1972 साली बाजारात आली, आणि पुढे वर्षानुवर्षं लोक नंबर लावून तिची वाट बघत बसायचे. अशा घरंदाज गाडीला दोन-चारशे रुपयांसाठी मिस्त्रीच्या हाती देणार? छे. बारा-तेराचा पाना, एक पकड आणि मोकळा रविवार, एवढं पुरतं.

सुरुवात ऑइलपासून करा. टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनला वंगण मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलमधूनच. माप म्हणाल तर लिटरला 20 मिली. पण मोजून ओतणं हे पंपावरच्या पोरांचं काम. तुम्ही अंदाजाने घाला, आणि लोणच्यात तेल घालतात तशा सढळ हाताने. कमी पडलं तर पिस्टन जाम होतो, हे तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. जास्त झालं तर फक्त गल्लीत धूर होतो आणि ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग काळा पडतो. पडू दे, पुढच्या रविवारची सोय झाली.

त्या रविवारी प्लग काढा. उजवीकडचं झाकण उघडलं की दिसतोच. पॉलिश पेपरने घासा, फट हॅकसॉच्या पात्याएवढी ठेवा (मिस्त्रीही असंच करतात, इथवर तुमचं बरोबर आहे). आता परत बसवताना मात्र बोटांनी दोन-चार आटे फिरवून बघायचा बावळटपणा नको. सरळ पाना लावा. तिरका बसला तर जोर वाढवा. आधी घट्ट लागेल, मग आणखी घट्ट, मग अचानक लोण्यात फिरवल्यासारखं मऊ. अभिनंदन! हेड, म्हणजे प्लग ज्यात बसतो ते सिलिंडरचं झाकण, ॲल्युमिनियमचं असतं आणि प्लग पोलादाचा, त्यामुळे आटे कुणाचे गेले हे वेगळं सांगायला नको. आता हेड उतरवून लेथवाल्याकडे न्यायचं, तो बुश, म्हणजे नव्या आट्यांची नळी, बसवून देईल. हेड उतरवायला आणखी चार नट सोडावे लागतात, म्हणजे तुमचं शिक्षण वाढतं.

पंक्चरसुद्धा घरीच काढा. चेतकची रिम दोन पात्यांची असते. काही नट चाक ड्रमला धरून ठेवतात, काही त्या दोन पात्यांना एकमेकींना. कोणते कुठले, हे बघत बसू नका. जे हाताला लागतील ते सोडा. मी एकदा घरासमोर चाक मांडीवर घेऊन पात्यांचेच नट सोडायला बसलो होतो, ट्यूबमध्ये अर्धी हवा तशीच. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला पाण्याची बादली घेऊन चालला होता. तो थांबला. बादली खाली ठेवली, माझ्या हातातला पाना काढून घेतला, खिशातून खिळा काढून व्हॉल्वची पिन दाबली, आणि सगळी हवा जाईपर्यंत एक शब्द न बोलता माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग बादली उचलून गेला. मला वाटतं, त्याला माझ्या हातातलं कसब दिसलं असावं.

सुटे भाग नव्या दुकानातून घेऊ नका. पुण्यात असाल तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात जा. क्लच वायर आणायला गेलेला माणूस तिथून पितळी कंदील घेऊन येतो आणि घरच्यांना म्हणतो, 'स्वस्तात मिळाला.'

घरात कुणी हिशेब विचारला तर ताठ मानेने सांगा: बुश, पॅकिंग, दोन प्लग आणि कंदील धरूनही मिस्त्रीचे दोनशे वाचलेच. शिवाय एप्रिल 2022 मध्ये पंधरा वर्षांवरच्या दुचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी तीनशेवरून एक हजार झाली होती, म्हणजे सरकारलासुद्धा या गाडीची किंमत कळते.

इतकं करूनही सुरू होत नसेल, तर इंजिनाच्या बाजूला तिरकी करा, सरळ करा, किक मारा. पुन्हा तिरकी करा. सोसायटीतले निवृत्त काका जमतील, प्रत्येकाचा सल्ला घ्या, आणि सगळे अमलात आणा.

रात्री अंधार पडला की गाडी ढकलत मिस्त्रीकडे न्या. म्हणा, 'आपोआप बंद पडली हो.' तो उजवीकडचं झाकण काढेल, टॉर्च मारेल, प्लगवरून बोट फिरवेल आणि विचारेल, 'साहेब, उघडली कुणी?'

तेव्हा मेव्हण्याचं नाव सांगा.