काँट्रॅक्ट मार्चला संपतं, पिल्लू मेमध्ये उडतं

गिधाडांच्या सर्वेसाठी चार महिन्यांच्या काँट्रॅक्टवर घेतलेली पोरं पुरतात असं एका लेखात लिहिलंय, ते नाही पटलं बाप्पा. मी नागपूरचा, एक हिवाळा मध्य प्रदेशातल्या पन्नाच्या जंगलात धुंधवा सेहा या दरीच्या कड्यासमोर दुर्बीण लावून बसलो होतो, खडकावर चुना फासल्यासारखी विष्ठा दिसली की समजायचं घरटं आहे, जोडी वर्षाला एकच अंडं घालते, पिल्लू उडायला एप्रिल-मे उजाडतो. अन् आमचं काँट्रॅक्ट मार्चलाच खतम! शेवटचा पगारही दोन महिन्यांनी आला. मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांना मारणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकावर, जनावरांना देण्यापुरती, २००६ ला बंदी आली, पण पिल्लं जगून राहिली का हे कोणीतरी शेवटपर्यंत बसून पाहायला नको का? घरटं सात नंबरचं पिल्लू उडालं का, मला आजही माहीत नाही.