आठ दिवसांत उडालेल्या कोटिंगबद्दल

दादा, पत्रा कापणाऱ्या प्रेसच्या पंचाला कडक कोटिंग करून घ्या, असं सांगणाऱ्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'डी-टू पोलादाच्या पंचावर टायटॅनियम नायट्राइडचं कोटिंग करून आणलं, आठ दिवसांत सोलून निघालं. धार लावली की ते तसंही जातंच. मग वाळूजच्या छोट्या प्रेसवाल्याला हा खर्च कशाला सांगता?' तुमचा राग रास्त आहे, पैसे तुमचे गेलेत.

तुम्ही जोडलेला फोटो मोठा करून पाहिला. सोनेरी थर उडालाय, पण त्याखालची धारही बसलीय, कडेला गोलाई आलीय. म्हणजे आधी पोलाद दबलं. हार्डनिंगवाल्यानं 200 अंशांवर टेम्पर करून (म्हणजे कडक केलेलं पोलाद पुन्हा तापवून) 60 रॉकवेल कठीणपणा दिला, असं तुम्हीच लिहिलंय. कोटिंगच्या भट्टीत तोच पंच 450 अंशांच्या आसपास काही तास राहतो. तिथं पोलाद पुन्हा टेम्पर होतं आणि दोन-चार पॉइंट सहज उतरतात. वरचा थर 2300 विकर्सच्या (हे कठीणपणाचं दुसरं माप) घरातला, पण जाडी जेमतेम दोन-चार मायक्रॉन. आपल्या काळ्या रानात फरशी टाकली आणि खालची माती खचली, तर फरशी कितीही कडक असो, तडकणारच.

हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं. राहिलं, ही माझी चूक.

पुढचा पंच हार्डनिंगला देतानाच सांगा की वर कोटिंग करायचंय, 500 अंशांच्या वर दोनदा टेम्पर करा. त्यासाठी हार्डनिंगचं तापमानही थोडं वर घ्यावं लागतं, जाणत्या माणसाला ते कळतं. वायरकटनं, म्हणजे तारेच्या ठिणग्यांनी, कापताना पृष्ठभागावर राहिलेला पांढरा थर पॉलिश करून पूर्ण काढा, त्यावर कुठलंच कोटिंग धरत नाही.

धारेच्या मुद्द्यावर मात्र मी सहमत नाही. ग्राइंडिंगला पंचाचं तोंड जातं, बाजूंवरचा थर तसाच राहतो. शीट घासते आणि चिकटते ती बाजूंनाच, त्यामुळे तो थर काम करत राहतो.

राहिलं कंपोझिट कोटिंगचं, म्हणजे धातूच्या थरात कडक कण मिसळलेल्या कोटिंगचं. निकेल-फॉस्फरसमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे कण धरलेला थर 90 अंशांच्या आसपासच्या द्रावणात बसतो, म्हणून पोलाद नरम पडायची भीती नाही. पण तो खरा कठीण होतो 400 अंशांवर तासभर भाजल्यावर, आणि तिथं तुमच्या 200 अंशांवर टेम्पर केलेल्या पंचाचं पुन्हा तेच होईल. काचतंतू घातलेल्या नायलॉनच्या मोल्डला तो जरूर लावा, ब्लँकिंग पंचाला नको.

नवा पंच कोटिंगला द्यायच्या आधी आणि परत आल्यावर, दोन्ही वेळा शँकवर (पंचाच्या धरायच्या दांड्यावर) हार्डनेस मोजा. दोन्ही आकडे इथंच लिहा, मी वाट पाहतो.