टोपलीखालची पिल्लं बघायला गर्दी, पण किनाऱ्याचं काय?

सीझन आला की सगळ्यांचे कोकणातल्या वेळास-आंजर्ल्याच्या कासव महोत्सवाचे फोटो यायला लागतात, बघून बरंच वाटतं, तरी आज थोडं मनातलं लिहितोय. कासवमित्राने, म्हणजे घरटी राखणाऱ्या गावकऱ्याने, घरट्यावरची टोपली उचलली की समुद्री कासवाची पिल्लं तुरुतुरु पाण्याकडे निघतात, ते बघायला लोक मुंबई-पुण्याहून येतात. पण त्याआधी दीड-दोन महिने गावातलाच कोणीतरी थंडीत पहाटेपर्यंत अख्खी पुळण पालथी घालत फिरलेला असतो, त्याचा फोटो कोण काढतं?

२००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासला कासवांची घरटी वाचवायचं हे काम सुरू केलं. त्याआधी अंडी सरळ काढून नेली जायची. आता गावातली पोरंच वाळूवरचा माग बघून घरटं शोधतात, कुत्री-कोल्हे पोचायच्या आत. दीडेक फूट खोल खड्डा, तोंडाशी अरुंद आणि खाली फुगीर, आत शंभर-सव्वाशे अंडी. एकेक अंडं हाताने काढायचं, फिरवायचं नाही, हिसका बसू द्यायचा नाही, नाहीतर आतला जीव जातो, आणि मग हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच कुंपण घालून राखलेल्या जागेत, तेवढ्याच मापाचा, तसाच खड्डा खणून परत ठेवायचं. वाळू किती तापते त्यावर पिल्लू नर की मादी हे ठरतं, म्हणजे हॅचरीची जागा निवडणं हेही खायचं काम नाही!

माझं म्हणणं एवढंच की हॅचरीवर सगळा भार टाकून भागणार नाही. मादी वर चढून येणार कुठे? धुपीवर उपाय म्हणून जिथे तिथे दगडी बंधारे टाकतोय, ती दगडांपर्यंत येते आणि तशीच मागे फिरते. वर रिसॉर्टचे हॅलोजन रात्रभर समुद्राकडे तोंड करून, त्या उजेडाने पिल्लं उलट्या दिशेला जातात. ओडिशात २०२१ ला टॅग केलेली मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आली, एवढं अंतर कापून येणाऱ्या जिवाला आपण साधी मोकळी वाळू देऊ शकत नाही का?

किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींनी ठराव करावा, नोव्हेंबर ते मे समुद्राकडचे दिवे रात्री बंद. याला निधी लागत नाही. आणि कासवमित्रांना सीझनपुरतं तुटपुंजं मानधन न देता वर्षभराचं काम द्या, किनारा बाराही महिने सांभाळावा लागतो. तुम्ही महोत्सवाला जाल तेव्हा बुकिंग करतानाच होमस्टेवाल्याला विचारा, दिवे बंद ठेवता का म्हणून. गिऱ्हाईक विचारायला लागलं की फरक पडतो.