लांब दिसत होता म्हणे

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी पुढे सरका.

ऑफिसातून एका सहकाऱ्याच्या गाडीने निघाले होते. त्याने इंडिकेटर दिला, साइड मिररमध्ये बघितलं (हो, बघितलं, मी साक्षीदार आहे) आणि गाडी शेजारच्या लेनमध्ये घातली. लगेच हॉर्न, करकचून ब्रेक, आणि माझ्या खिडकीपासून हातभर अंतरावर एक मोटरसायकलवाला. तो पडला नाही ही त्याची कमाल, आमची नाही. आणि हा म्हणतो काय, "अगं, लांब दिसत होता तो." मी आरशाकडे बोट दाखवलं. तिथे छापलंय ना, की आरशातल्या गोष्टी दिसतात त्यापेक्षा जवळ आहेत म्हणून! तर म्हणे, "ते काय, सगळ्याच गाड्यांवर असतं."

सगळ्याच गाड्यांवर असतं म्हणून ते कुणालाच लागू नाही का?

मला गाडी मामाने शिकवली. पहिल्या दिवशी त्याने चावीसुद्धा हातात दिली नाही. मला स्टिअरिंगसमोर बसवलं आणि स्वतः मागे बऱ्याच अंतरावर जाऊन उभा राहिला. तिथून ओरडला, "आतल्या आरशात बघ! आता बाहेरच्यात बघ!" आतल्या आरशात मामा पोटासकट, अख्खा. बाहेरच्यात कुणीतरी किरकोळ इसम. माणूस तोच, जागाही तीच. आतला आरसा सपाट असतो, बाहेरचा किंचित फुगीर, म्हणजे शाळेतला तो बहिर्गोल. फुगीर आरशात जास्त रस्ता मावतो, पण मावतो तो लहान होऊन. आणि लहान दिसलं की आपण ते लांब आहे असं धरून चालतो. झालं, त्या छापील ओळीचा अर्थ एवढाच. मामाने तो एक शब्द न छापता सांगितला.

पण नियम करणाऱ्यांना छापण्याचीच हौस. अमेरिकेत ड्रायव्हरच्या पलीकडच्या बाजूचा आरसा फुगीर असेल तर ही ओळ सक्तीची आहे. अक्षरांची उंचीसुद्धा ठरलेली, ४.८ ते ६.४ मिलिमीटर. मिलिमीटरचा दशांश ठरवलात, आणि वाचणाऱ्याला काय कळणार याचा विचार कुणी करायचा? ताशी ७२ किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात २० मीटर पुढे जाते. तेवढ्यात माणूस रस्ता बघणार की काचेवरचं वाचन करणार? आणि किती जवळ, ते कुठे लिहिलंय? दोन हात की दोन गाड्या? मला तर वाटतं ती ओळ चालकासाठी नाहीच. उद्या काही झालं तर "आम्ही सांगितलं होतं" म्हणायची सोय आहे ती. छापलं की कंपनी मोकळी, आणि आरशात एकदा डोकावलं की आपणही मोकळे.

बरं, मान्य, फुगीर आरसा लागतोच. सपाट लावला तर अंतर बरोबर कळेल, पण शेजारून येणारा दिसणारच नाही. अमेरिकेतल्या नियमानुसार ड्रायव्हरच्या बाजूला सपाटच आरसा लागतो, आणि मग त्या बाजूचा ब्लाइंड स्पॉट, म्हणजे कुठल्याच आरशात न दिसणारी जागा, मोठा होतो. तिथल्याच ड्रेक्सेल विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक अँड्र्यू हिक्स यांना २०१२ मध्ये एका आरशाचं पेटंट मिळालं. तो बराच जास्त रस्ता दाखवतो आणि आकारही फारसे बिघडवत नाही. पण सपाट नाही ना, मग नव्या गाडीला त्या बाजूला तिथे चालत नाही! यावर आणखी काय बोलायचं?

मामाचं पुढचं राहिलंच. तो गाडीच्या कडेने चालत पुढे यायला लागला. "दिसतोय?" दिसतोय. "आता?" दिसतोय. मागच्या दारापाशी आला आणि गायब. आतल्या आरशात नाही, बाहेरच्या आरशात नाही. एवढा मोठा माणूस! मान वळवली तर खिडकीबाहेर उभा राहून खदखदा हसत होता. एरवी मामा भयंकर तापट, गिअर चुकला की सात पिढ्या उद्धरायचा. पण त्या दिवशी त्याने मला ते पुन्हा पुन्हा करायला लावलं, न चिडता. आधी आतला आरसा, मग बाहेरचा, मग मान, आणि मगच स्टिअरिंग.

हे लिहिता लिहिता सहकाऱ्यावरचा राग जरा उतरलाय. माणूस वाईट नाही. इंडिकेटर दिला होता, आरशात बघितलंही होतं. त्याच्या गाडीमागून कुणी चालून दाखवलं नसेल, एवढंच. त्याचा आरसाही असा लावलाय की अर्ध्या काचेत स्वतःच्याच गाडीची दारं दिसतात. अरे, दारं कुठे पळून जाणार आहेत? आरसा बाहेर ढकला, आपली गाडी जेमतेम दिसेनाशी होईपर्यंत. मागचं बघायला आतला आरसा आहे की.

पण काच खाली करून "सॉरी" म्हणायला काय झालं होतं? तो मुलगा कडेला थांबून थरथरत होता. याने गाणं लावलं!

आता म्हणे आरसेच जाणार, कॅमेरे येणार. जपानने २०१६ मध्येच परवानगी दिली आहे. येऊ देत. पडद्यावर सगळं कदाचित अचूक दिसेलही. पण मान वळवायचा कंटाळा करणारा माणूस पडद्याकडे तरी किती बघणार आहे?

आणि "दुचाकीवालेही कसेही घुसतात" ही कमेंट कृपया नको. घुसतात, माहीत आहे. आजचा तो सरळ, त्याच्या लेनमधून चालला होता.